न चढण्याचा पर्वत : उलुरू

दिनांक २५ ऑक्टोबर २०१९. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, वाळवंटात उभ्या असलेल्या एका तांबड्या महाकाय खडकाच्या पायथ्याशी सकाळपासूनच माणसांची लांबच लांब रांग लागली होती. वाऱ्याचा जोर असल्यामुळे आरंभी चढाईचा मार्ग बंद ठेवण्यात आला. वारा निवळल्यावर तो खुला झाला आणि शेकडो स्त्रीपुरुष लोखंडी साखळीला धरून वर चढू लागले. घाई होण्याचे कारण एवढेच, की ही अखेरची संधी होती. दुसऱ्या दिवसापासून त्या खडकावर चढण्यास कायमची मनाई होणार होती. सायंकाळी अखेरची माणसे खाली उतरली, मार्ग बंद झाला आणि पुढे ती साखळीही उखडून काढण्यात आली.

या खडकाचे नाव उलुरू. जगातील निसर्गरम्य स्थळांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव असतेच. परंतु त्याची खरी थोरवी केवळ आकारात किंवा रंगात नाही. ज्यांच्यासाठी तो पवित्र आहे, त्यांनी चौतीस वर्षे जगाला एक विनंती केली आणि अखेर जगाने ती ऐकली, ही या पर्वताची कथा आहे. शत्रुंजय, गिरनार आणि सम्मेदशिखर यांच्या छायेत ज्या समाजाची श्रद्धा वाढली, त्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

पंचावन्न कोटी वर्षांची घडण

भोवतालच्या मैदानापासून उलुरूची उंची ३४८ मीटर आणि समुद्रसपाटीपासून ८६३ मीटर आहे. पायथ्याचा घेर सुमारे साडेनऊ किलोमीटर भरतो. दुरून पाहणाराला तो सपाट जमिनीवर कोणीतरी आणून ठेवलेला एकच अजस्र धोंडा वाटतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जमिनीवर दिसतो तो त्याचा लहानसा अंश होय. त्याचे थर जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलवर गेलेले आहेत, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात.

सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात उंच पर्वतरांगा होत्या. पावसाच्या लोंढ्यांनी त्यांची झीज होऊन वाळूचे प्रचंड ढीग पायथ्याशी साचले. पुढे त्यांवर समुद्र पसरला आणि त्याच्या गाळाच्या भाराखाली त्या वाळूचा वालुकाश्म बनला. त्यानंतरच्या भूहालचालींत हे आडवे थर इतके कलले, की आज ते जवळजवळ उभे झालेले दिसतात. उलुरूच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ज्या समांतर रेषा दिसतात, त्या म्हणजे एकेकाळच्या आडव्या थरांच्या कडा होत. मऊ खडक झिजून गेला आणि कठीण तेवढा मागे राहिला.

त्याचा तांबडा रंगही वरवरचाच आहे. आतील खडक मूळचा करडा. त्यातील लोहाला हवा आणि पाणी लागून गंज चढला, तोच त्याचा प्रसिद्ध लाल वर्ण. सूर्य उगवताना आणि मावळताना या रंगाच्या छटा क्षणाक्षणाला पालटतात. क्वचित कधी पाऊस पडला, तर त्याच्या माथ्यावरून एकाच वेळी अनेक धबधबे कोसळू लागतात आणि ओला खडक काळसर जांभळा दिसतो. पायथ्याशी मुटिजुलू नावाचे पाण्याचे कुंड आहे. वाळवंटातील पशुपक्ष्यांना त्याचा मोठा आधार असतो. पश्चिमेस काही अंतरावर ‘काटा जुटा’ हा ३६ घुमटाकार शिखरांचा समूह आहे. त्या नावाचा अर्थच ‘पुष्कळ मस्तके’ असा होतो.

शिळेत लिहिलेला आचारधर्म

या भूमीचे मूळ रहिवासी स्वतःला ‘आनंगू’ म्हणवितात. त्यांच्या पूर्वजांचा या प्रदेशातील वास हजारो पिढ्यांचा आहे. त्यांच्यापाशी लिखित ग्रंथ नाहीत. त्यांचा धर्म, नीती, इतिहास आणि निसर्गज्ञान या सर्वांना मिळून ‘जुकुर्पा’ असे एक नाव आहे. उलुरूवरील प्रत्येक भेग, गुहा, डाग आणि कंगोरा हे त्या जुकुर्पाचे पान होय. वडीलधारी मंडळी लहानांना त्या त्या ठिकाणी नेऊन तेथील कथा सांगतात. काही कथा केवळ पुरुषांसाठी, काही केवळ स्त्रियांसाठी असतात. आणि काही स्थळांची छायाचित्रे घेण्यासही मनाई आहे.

सर्वांना सांगण्याजोग्या कथांपैकी एक ‘माला’ लोकांची. माला म्हणजे तांबूस रंगाचा, सशाएवढा लहान कांगारूवर्गीय प्राणी. माला पूर्वज उत्तरेकडून येथे आले आणि त्यांनी एका मोठ्या विधीला आरंभ केला. तेवढ्यात पश्चिमेकडील लोकांनी त्यांना आपल्या समारंभाचे आमंत्रण दिले. हाती घेतलेला विधी अर्धवट सोडता येणार नाही, असे सांगून मालांनी नकार दिला. अपमानित झालेल्या त्या लोकांनी एक दुष्ट श्वानरूपी शक्ती निर्माण करून त्यांच्यावर सोडली. आरंभिलेले कर्तव्य पूर्ण करावे आणि मिळालेला इशारा दुर्लक्षू नये, असा बोध आनंगू या कथेतून देतात. पर्यटक ज्या वाटेने वर चढत, ती नेमकी या माला पुरुषांच्या विधीची वाट होती.

या कथेला जीवदयेचा एक आधुनिक पदरही आहे. बाहेरून आणलेल्या मांजरी आणि कोल्हे यांच्यामुळे हा निरुपद्रवी प्राणी येथील मोकळ्या रानातून नाहीसा झाला होता. २००५ साली उद्यानातील एक मोठे क्षेत्र कुंपणाने सुरक्षित करून तेथे मालांना पुन्हा आणून सोडण्यात आले. ज्याच्या नावाची कथा शिळेवर आहे, तो जीव आपल्या घरी परतला.

साखळी आली कशी

१८७३ साली विल्यम गॉस हा सर्वेक्षक येथे पोहोचला. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याने या खडकाला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. तो माथ्यावर चढला, तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा एक ‘अफगाण’ उंटवाला होता. त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील वाहतूक उंटांच्या तांड्यांवर चाले. हे उंटवाले अफगाणिस्तानाप्रमाणेच बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि राजपुताना या भागांतूनही नेले जात. सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. थळी-मारवाडच्या वाळूत उंटांवरून माल वाहणाऱ्यांची विद्या सातासमुद्रापलीकडच्या वाळवंटातही अशी उपयोगी पडली.

विसाव्या शतकाच्या मध्यास पर्यटक येऊ लागले. १९५८ मध्ये हा भाग मूळनिवासींच्या राखीव क्षेत्रातून वगळून राष्ट्रीय उद्यान करण्यात आला. चढाई धोक्याची असल्यामुळे १९६० च्या दशकात उतारावर खांब रोवून साखळी बसविण्यात आली आणि १९७६ साली ती वाढविण्यात आली. ‘एअर्स रॉक चढून आलो’ ही एक बढाई झाली. खालून पाहणाऱ्या आनंगूंना रांगेने वर जाणारी ही माणसे मुंग्यांसारखी दिसत. त्यांनी पर्यटकांना नावच दिले ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या.

मूळनिवासींच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९८३ साली पंतप्रधान बॉब हॉक यांनी ही भूमी परत करण्याचे आणि चढाई थांबविण्याचे आश्वासन दिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीचा दस्तऐवज आनंगूंच्या हाती दिला. मात्र तो देताना दोन अटी होत्या. भूमी लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला द्यावयाची, ही पहिली. आणि चढाई चालू ठेवावयाची, ही दुसरी. मालकी मिळाली, परंतु आपल्या देवघराचा उंबरठा राखण्याचा अधिकार मिळाला नाही.

बंदी नव्हे, विनंती

यानंतर आनंगूंनी जो मार्ग अवलंबिला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी वाट अडविली नाही. चढाईच्या पायथ्याशी त्यांनी पाहुण्यांना उद्देशून एक फलक लावला. हे स्थान आमच्या दृष्टीने पवित्र आहे; कृपा करून चढू नका; पायथ्याने फिरा, ऐका, समजून घ्या, असा त्याचा आशय होता. चढणाऱ्याच्या जिवाची काळजी हेही विनंतीचे एक कारण होते. १९५० च्या दशकापासून या चढाईत ३७ माणसे दगावली. आपल्या भूमीवर आलेला पाहुणा मृत्यू पावला, तर त्याचे दुःख आणि दायित्व यजमानावर येते, अशी आनंगूंची धारणा आहे.

दुसरे कारण स्वच्छतेचे होते. माथ्यावर ना शौचालय, ना माती. शेकडो माणसे वर जात आणि त्यांनी केलेली घाण पावसाबरोबर वाहून पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरे. ज्या पाण्यावर पक्षी, सरपटणारे प्राणी आणि असंख्य सूक्ष्म जीव अवलंबून, तेच दूषित होई.

विनंतीचा परिणाम सावकाश झाला, परंतु झाला. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक वर चढत. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात असे ठरले, की हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले, अथवा पर्यटकांना पुरेसे अन्य आकर्षण उपलब्ध झाले, तर चढाई कायमची बंद करता येईल. २०१५ मध्ये ते प्रमाण १६ टक्क्यांवर आले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने एकमताने बंदीचा निर्णय घेतला. बारा सभासदांच्या या मंडळात आनंगूंचे बहुमत आहे. अंमलबजावणीसाठी त्यांनी दोन वर्षांची मुदत दिली आणि दिवस निवडला तो २६ ऑक्टोबरचा, म्हणजे भूमी परत मिळाल्याच्या वर्धापनदिनाचा. कायदा अखेरीस आला. लोकांचे मन त्याआधीच बदलू लागले होते.

दुकानदारीचा प्रश्न

निर्णयाला विरोधही झाला. निसर्गनिर्मित खडकावर कोणा एका समाजाचा हक्क कसा, असे काहींनी विचारले. चढाई बंद झाली तर ग्राहक येणार नाहीत, अशी धास्ती काही व्यावसायिकांना वाटली. व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न चटकन कळेल. पेढीच्या वहीत श्रद्धेसाठी वेगळे खाते असते; पण तोटा मात्र रोजच्या खात्यातच लिहावा लागतो.

आनंगूंनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. आराखड्यातच पर्यायी आकर्षणांची अट होती. २०१६ साली ब्रूस मन्रो या कलावंताने उलुरूच्या सान्निध्यात ५०,००० छोट्या दिव्यांचे शेत फुलविले. ते वर्षभरासाठी योजले होते. प्रतिसाद पाहून त्याची मुदत वाढवावी लागली. २०२३ पासून हजाराहून अधिक ड्रोनच्या प्रकाशाने रात्रीच्या आकाशात माला लोकांची कथा साकारली जाते आणि ती आनंगूंच्या संमतीने सांगितली जाते. वाळूवरील ठिपक्यांच्या परंपरेतून आलेली चित्रे, लाकडावरील कोरीव काम, जाणत्या वाटाड्यासह पायी भ्रमंती यांतून स्थानिकांना रोजगार मिळतो. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा चौथा हिस्सा आनंगूंना जातो. चढाईतून जे विकले जात होते, ते केवळ पायांचे कष्ट होते. आता ज्ञान, कला आणि आदरातिथ्य यांना मोल आले. पत घालवून केलेला नफा टिकत नाही, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

परत येणारे दगड

उद्यानाच्या कार्यालयात टपालाने एक विलक्षण माल येत असतो. जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक लहानमोठे दगड आणि तांबड्या मातीच्या पुड्या परत पाठवितात. पूर्वी कधी सहलीला आले असता त्यांनी त्या आठवण म्हणून खिशात घातलेल्या असतात. सोबत क्षमायाचनेची पत्रे असतात. कोणी लिहितो, घरात संकटांची मालिका लागली. कोणी म्हणतो, चूक उशिरा उमगली. अशा दगडांना तेथे ‘क्षमेचे दगड’ म्हणतात.

संकटे दगडामुळे आली की नाही, हा वाद बाजूला ठेवावा. जे कोणी दिले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, हे अचौर्याणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाला बालपणापासून शिकविले जाते. ज्या पाहुण्याला ते व्रत कधी कोणी शिकविले नाही, तोही एक खडा परत करण्यासाठी टपालखर्च सोसतो आणि क्षमा मागतो. संवत्सरीच्या दिवशी हात जोडणाऱ्या घरांनी या पत्रांची नोंद घ्यावी.

आपल्या परंपरेतील मर्यादा

पर्वत बंद ठेवणे ही कल्पना जैन परंपरेस नवी नाही. पालिताण्याच्या शत्रुंजय गिरिराजावर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून भाविक जातात. परंतु चातुर्मासात ही यात्रा बंद असते. पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती आणि वाटेवरील असंख्य सूक्ष्म जीव यांची विराधना टळावी, हा त्यामागील भाव आहे. इतर दिवशीही गिरिराजावर भोजन केले जात नाही आणि सायंकाळपूर्वी सर्वांनी खाली उतरावयाचे असते.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत सांगितले आहे. आपण कोणत्या दिशेस किती दूर जाऊ, याची मर्यादा श्रावक स्वतः आखून घेतो. तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांमध्ये ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक् अशा तिन्ही मर्यादांचे उल्लंघन मोजले आहे. आणि ऊर्ध्व मर्यादा मोडण्याचे उदाहरण म्हणून टीकाकारांनी पर्वतारोहणच घेतले आहे. आनंगूंचा नियम दुसऱ्याच्या पावित्र्याचा आदर करण्यास सांगतो, तर दिग्व्रत स्वतःच्या इच्छेला आवर घालण्यास. दोन्ही निराळे असले, तरी ‘पाय जाऊ शकतो म्हणून जावेच असे नाही’ ही समज दोहोंत समान आहे.

सम्मेदशिखराच्या प्रश्नावर समाजाने ही व्यथा स्वतः अनुभवली. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. झारखंडमधील या पर्वताच्या परिसरात पर्यटनाला चालना मिळणार, या शंकेने देशभरातील जैन रस्त्यावर उतरले; जयपूर येथे उपोषण करणाऱ्या एका मुनिराजांनी देह ठेवला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक उपक्रमांना स्थगिती दिली. ‘हे तीर्थ आहे, सहलीचे ठिकाण नाही’ असे समाज तेव्हा सांगत होता. उलुरूचे आनंगू तेच सांगत आले होते.

या साम्यातून एक उत्तरदायित्वही येते. त्याच पारसनाथ पर्वताला तेथील संथाळ समाज ‘मरांग बुरू’ म्हणून पूजतो. स्वतःच्या श्रद्धास्थानासाठी जगाकडे आदर मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या श्रद्धेलाही तोच आदर द्यावयास हवा. शिवाय तीर्थावर प्लास्टिकच्या बाटल्या टाकणारा, पायऱ्यांवर मोठ्याने गाणी लावणारा, मंदिरापुढे चित्रफितींसाठी नटून उभा राहणारा अनेकदा आपल्याच घरातील असतो. त्याच्यासाठी सरकारी स्थगितीचा उपयोग नाही. तेथे घरातील वडीलधाऱ्यांचा शब्दच हवा.

जाणाऱ्यांसाठी

उलुरूस जावयाचे झाल्यास मे ते सप्टेंबर हा थंडीचा काळ उत्तम. रात्री मात्र गारठा असतो. सिडनी, मेलबर्न आदी शहरांतून जवळच्या विमानतळावर विमाने येतात. ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर अंतर पडते. निवासाची सोय यूलारा या वसाहतीत आहे. ऑस्ट्रेलियात प्रवेश करताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ घोषित करणे बंधनकारक आहे. खाखरा, ठेपला, सुका नाश्ता बंद पाकिटांत असला तरी तो लिहून द्यावा. ताजी फळे, बियाणे आणि दुधाची मिठाई यांबाबत नियम विशेष कडक आहेत. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तदर्शनाबरोबर रात्रीच्या जेवणाचे जे कार्यक्रम असतात, ते चौविहार पाळणाऱ्यांना जमणार नाहीत. त्यांनी भोजन आधीच उरकून घ्यावे.

तेथे करण्याजोगी सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे पायथ्याची प्रदक्षिणा. सुमारे दहा किलोमीटरची ही वाट बहुतांशी सपाट आहे आणि सकाळी लवकर निघाल्यास तीन-चार तासांत पूर्ण होते. वाटेत गुहा लागतात, त्यांत प्राचीन चित्रे आहेत. मुटिजुलूच्या कुंडापाशी पक्ष्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. जेथे छायाचित्रे घेऊ नयेत असा फलक आहे, तेथे मोबाइल खिशात ठेवावा.

ज्या उतारावर साखळी होती, तेथे लाखो पावलांनी घासून पडलेला फिकट पट्टा अजून दिसतो. वाऱ्याने आणि पावसाने खडकावर पुन्हा गंज चढेल, तेव्हा तो पट्टाही हळूहळू भोवतालच्या तांबड्या रंगात मिसळून जाईल. त्याला किती काळ लागेल, याची आनंगूंना घाई नाही. प्रदक्षिणा घालणारा प्रवासी तेथे क्षणभर थांबतो, वर पाहतो आणि पुढे चालू लागतो.